टॅक घेताना छोटी कॅटामरान वाऱ्यात का अडकते?

छोट्या कॅटामरानवर, म्हणजे दोन समांतर हल जोडून केलेल्या नौकेवर, शिडाची नौका चालवायला शिकणाऱ्या बहुतेकांची तक्रार सुरुवातीला एकाच स्वरूपाची असते. वारा बाजूने घेऊन नौका झकास पळते, वाऱ्याच्या रोखाने तिरकी चढतेही. पण नाळ (नौकेचे पुढचे टोक) वाऱ्यातून पलीकडे न्यायची, म्हणजे टॅक घ्यायची वेळ आली की ती अर्ध्यात थांबते, दोन्ही शिडे फडफडू लागतात आणि थोड्याच वेळात ती मागे सरकत पुन्हा जुन्याच बाजूला पडते. क्लबांवर याला ‘आयर्न्समध्ये जाणे’ म्हणतात. एखाद्या वेळी असे होणे स्वाभाविक आहे. परंतु दर टॅकला तेच घडू लागले की शिकणारा एकतर नौकेला दोष देतो किंवा वाऱ्यावर चढणेच टाळू लागतो, आणि मग त्याला परतीच्या वेळी मोटरबोटीने ओढून आणावे लागते.

पुढील विवेचन होबी १६ या नौकेला धरून केले आहे, कारण किनाऱ्यावरून सोडल्या जाणाऱ्या छोट्या कॅटामरानांमध्ये तीच जगभर सर्वाधिक परिचित आहे आणि हा दोषही तिच्यावरच सर्वांत ठळकपणे दिसतो. कॅलिफोर्नियातील सर्फबोर्ड बनवणारे होबी आल्टर आणि फिल एडवर्ड्स यांनी १९६९ च्या सुमारास तिची रचना केली. लांबी सुमारे ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन सुमारे १४५ किलो, आणि मुख्य शीड व पुढचे छोटे शीड, म्हणजे जिब, मिळून सुमारे २० चौरस मीटर शीड, असा तिचा आवाका आहे. लाटा फोडून थेट वाळूवर येता यावे म्हणून तिला पाण्यात उतरवायचे मधले पाते, म्हणजे सेंटरबोर्ड किंवा डॅगरबोर्ड, दिलेलेच नाही. ते काम तिचे दोन असममित हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारी दोन लांबट अंगे, करतात: प्रत्येक हलची बाहेरची बाजू जवळपास सपाट आणि आतली बाजू फुगीर असते, आणि त्यामुळे नौका वाऱ्याने आडवी वाहून जात नाही.

अडचणीचे मूळ याच रचनेत आहे. सेंटरबोर्ड असलेली एकहली डिंगी, म्हणजे छोटी होडी, त्या पात्याभोवती फिरते, तशी फिरण्याची जागा होबीला नाही. पाण्याचा आडवा विरोध हलच्या संपूर्ण लांबीवर पसरलेला असतो आणि वळताना तो सगळा आडवा येतो. शिवाय दोन हल एकमेकांपासून दूर आहेत. बैलगाडी वळवताना बाहेरच्या चाकाला जसे जास्त अंतर कापावे लागते, तसेच बाहेरच्या हलचे होते, आणि ते अंतर कापण्यासाठी लागणारा वेग नौकेच्या हलकेपणामुळे झपाट्याने संपतो. जड नौका शिडे सैल झाल्यावरही स्वतःच्या वजनाच्या जोरावर काही अंतर पुढे जाते. १४५ किलोची कॅटामरान जवळजवळ तिथेच थांबते. म्हणून डिंगीवर शिकलेला मनुष्य पहिल्यांदा कॅटामरानवर बसला की त्याचाच टॅक हमखास फसतो. पूर्ण नवख्याला निदान जुनी सवय तरी मोडावी लागत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. शिकवणारे बहुधा सुकाणूवर फार बोलतात आणि दोरांवर फार कमी. फसलेल्या टॅकचे कारण बहुतांश वेळा सुकाणूत नसून मेनशीट (मुख्य शिडाचा दोर) आणि जिबशीट (जिबचा दोर) या दोन दोरांच्या क्रमात असते. दोर योग्य, पण ओढण्या-सोडण्याची वेळ अयोग्य. ती वेळ नेमकी कुठे चुकते हे कळण्यासाठी एकच निरीक्षण पुरते, ते म्हणजे नाळ वाऱ्याच्या तुलनेत नेमकी कोणत्या ठिकाणी थांबली. ती वाऱ्याच्या अलीकडे थांबली, बरोबर वाऱ्यात थांबली, की पलीकडे जाऊन परत आली, या तीन प्रसंगांची कारणे वेगवेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपायकारक ठरतो. पुढच्या तारांना, म्हणजे ब्रायडलला, किंवा बाजूच्या तारांना लोकरीचा धागा बांधलेला असेल तर हे ओळखणे सोपे जाते. फडफडणाऱ्या शिडावरून मात्र फसगत होते, कारण ते तिन्ही प्रसंगी फडफडतेच.

नाळ वाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही

नौका वळू लागते, पण वाऱ्याच्या अलीकडेच तिचा वेग संपतो. याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे टॅकच्या आधीच नौका वाऱ्याच्या फार जवळ नेलेली असते. वर चढायची घाई झालेला चालक नाळ वर-वर रोखत राहतो. शिडे वरवर भरलेली दिसतात, दोर ताणलेले असतात, पण पाणी हलच्या कडेने आवाज करत नाही, म्हणजेच नौका पळत नाही. होबी १६ ही खऱ्या वाऱ्याशी साधारण ४५ ते ५० अंशांचा कोन ठेवूनच उत्तम चालते. त्याहून वर रोखण्याचा हट्ट केला की वेग जातो आणि नौका आडवी घसरू लागते, कारण असममित हलचा उपयोग वेग असेल तरच होतो. वळण्यापूर्वी नाळ किंचित खाली पाडावी, म्हणजे वाऱ्यापासून थोडी दूर वळवावी, दोन्ही शिडे नीट भरू द्यावीत, वेग हाताला जाणवला पाहिजे, आणि मगच वळायला सुरुवात करावी. झुळूक ओसरत असताना टॅक सुरू करू नये. पाण्यावर काळसर सुरकुत्या पसरत येताना दिसल्या की ती झुळूक पोहोचेपर्यंत थांबावे आणि तिच्या जोरात वळावे.

दुसरे कारण टिलर, म्हणजे सुकाणू फिरवण्याची दांडी, झटक्याने ढकलणे हे आहे. सुकाणूची पाती पाण्याला फार आडवी झाली की ती वळवण्याऐवजी ब्रेकचे काम करतात. टिलर आधी हळूहळू दूर ढकलावा, नाळ वर येऊ लागली की थोडा अधिक, आणि साधारण ४५ अंशांच्या पुढे मुळीच नेऊ नये. कॅटामरानचे वळण डिंगीपेक्षा मोठ्या वर्तुळाचे असते हे मनाशी स्वीकारले की हाताची घाई आपोआप कमी होते.

तिसरे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. टॅकमध्ये मुख्य शीड सैल सोडायचे असते, हे शिकणाऱ्याने ऐकलेले असते, आणि म्हणून तो वळायला सुरुवात करतानाच मेनशीट सोडून देतो. परंतु पहिल्या अर्ध्या वळणात नाळ वाऱ्याकडे खेचण्याचे काम मुख्य शीडच करत असते. ते मागच्या बाजूला दाब देते, पिछाडी वाऱ्यापासून दूर ढकलली जाते आणि त्यामुळे नाळ वर येते. म्हणून नाळ वाऱ्यात पोहोचेपर्यंत मेनशीट ताणलेलीच ठेवावी, किंबहुना वळताना किंचित अधिक ओढावी. सोडण्याची वेळ नंतर येते.

नाळ बरोबर वाऱ्यात थांबते

येथवर वेग आणि मुख्य शीड यांनी आपले काम केलेले असते. उरलेले काम जिबचे असते. टॅक सुरू होताना जिब ज्या बाजूला ओढलेली होती, त्याच बाजूला ती राहू द्यावी. नाळ वाऱ्याच्या रेषेवर आली की वारा जिबच्या उलट्या बाजूला भरतो आणि नाळेला पलीकडे ढकलतो. हा ढकलणारा जोर होबीसाठी इतका मोलाचा आहे की त्याच्याविना मध्यम वाऱ्यातही टॅक पूर्ण होणे कठीण जाते. आणि नेमक्या याच क्षणी, शीड फडफडल्याचा आवाज ऐकून, जिब सांभाळणारा साथीदार घाबरून दोर सोडतो किंवा तत्परतेने नव्या बाजूला ओढू लागतो. डिंगीवर हे चालून जाते. होबीवर जिब फडफडत राहते आणि नौका उभी राहते.

यावर उपाय दोघांमधील शब्दांचा आहे. दोर कधी सोडायचा हे साथीदाराने स्वतः ठरवू नये. चालकाने ‘तयार’, ‘वळतोय’ आणि ‘सोड’ असे तीन शब्द ठरवून घ्यावेत, आणि तिसरा शब्द येईपर्यंत जिबशीटला हातही लावू नये. चालकाने तो शब्द नाळ वाऱ्यातून स्पष्टपणे पलीकडे गेल्यावर आणि जिब पाठीमागून पूर्ण फुगल्यावरच उच्चारावा. शब्द एखाद्या क्षणाने उशिरा आला तरी फारसे बिघडत नाही, नौका थोडी अधिक खाली पडते इतकेच; लवकर आला तर मात्र टॅक गेलाच म्हणून समजावे. मोठा आणि धीराचा आवाज असलेला मनुष्य सुकाणूवर असणे हाही एक गुण आहे, कारण वाऱ्यात फडफडणाऱ्या शिडाखाली पुटपुटलेले कोणालाही ऐकू येत नाही.

नाळ वाऱ्यातच थांबण्याचे आणखी एक कारण टिलरच्या लांब दांडीत, म्हणजे एक्स्टेन्शनमध्ये असते. होबी १६ वर मेनशीटचा पुलींचा संच मागच्या आडव्या दांड्यावर बसवलेला असतो आणि टिलरची लांब दांडी त्याच्या मागून फिरवून दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. नवखा चालक बाजू बदलताना दांडी उचलतो, ती मेनशीटला अडते, ती सोडवण्याच्या नादात टिलर सरळ होतो आणि अर्ध्यात आलेले वळण तिथेच थांबते. बाजू बदलत असताना टिलर जेथे आहे तेथेच राहिला पाहिजे. यासाठी आधी दांडी मेनशीटच्या मागून पलीकडे फेकावी, मग आडव्या दांड्याच्या पुढून ट्रॅम्पोलिनवर, म्हणजे दोन हलांमधल्या ताणलेल्या बैठकीवर, गुडघे टेकत सरकावे, आणि नव्या बाजूला पोहोचल्यावर दांडी हाती घ्यावी. हा क्रम नौका वाळूवर उभी असताना, शिडे न चढवता, वीस-पंचवीस वेळा करून पाहावा. पाण्यावर शिकण्यापेक्षा वाळूवर शिकणे येथे निश्चित लाभाचे ठरते, आणि तरीही हा सराव फार थोडे लोक करतात.

नाळ पलीकडे जाऊन परत येते

हा प्रसंग सर्वांत चीड आणणारा असतो, कारण टॅक पूर्ण झाल्यासारखा वाटतो आणि मग हातचा जातो. नाळ वाऱ्यातून पलीकडे गेलेली असते, जिब नव्या बाजूला ओढलेली असते, पण नौका वेग घेण्याऐवजी पुन्हा वाऱ्याकडे वळते. दोष जवळजवळ नेहमी मेनशीटचा असतो. होबीच्या मुख्य शीडात पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत बॅटन, म्हणजे लांब पट्ट्या असतात आणि त्यामुळे ते शीड सैल पडले तरी आपला आकार सोडत नाही. घट्ट ओढलेल्या अवस्थेत ते संपूर्ण नौकेला वातकुक्कुटाप्रमाणे वाऱ्याकडे तोंड करून उभे करते. पहिल्या अर्ध्या वळणात हवा असलेला हाच परिणाम दुसऱ्या अर्ध्यात घातक ठरतो.

म्हणून नाळ वाऱ्यातून जात असतानाच मेनशीट सोडावी, आणि ती नाममात्र नव्हे तर अर्धा ते एक मीटर सोडावी. बूम, म्हणजे मुख्य शिडाच्या तळाची आडवी काठी, नौकेच्या मध्यापासून बाहेर गेल्याचे डोळ्यांना दिसले पाहिजे. जिबने नाळ खाली पाडली, नौका पुढे सरकू लागली, की मग मेनशीट हळूहळू आत घ्यावी. आधी जिब, मग वेग, मग मुख्य शीड, हा क्रम कधीही उलटा करू नये. तोच दोर आधी सोडला तर नाळ वाऱ्यापर्यंत येत नाही आणि नंतर सोडला नाही तर पलीकडे टिकत नाही. दोन विद्यार्थ्यांना ‘मेनशीटकडे लक्ष द्या’ असे सांगितले आणि दोघांची चूक परस्परविरुद्ध असली, तर त्या सल्ल्याचा कोणालाच उपयोग होत नाही, तो यामुळेच.

मंद वाऱ्यात याच टप्प्यावर बॅटन जुन्याच बाजूला वळलेले राहतात. शीड नव्या बाजूला आलेले असते, पण त्याचा फुगवटा उलटा असतो आणि ते ओढ देत नाही. बूम हाताने धरून किंवा मेनशीटला एक जोरदार हिसका देऊन पट्ट्या पलटवाव्यात. त्या पलटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

शरीराच्या वजनाचाही येथे मोठा वाटा आहे. दोन प्रौढ माणसांचे एकत्र वजन जवळपास नौकेच्या वजनाइतके असते, त्यामुळे ती कोठे बसली आहेत यावर हल पाण्यात कसे बसतील हे ठरते. मध्यम वाऱ्यात वळताना चालकाने किंचित मागे राहिल्यास नाळा उचलल्या जातात आणि नौका सहज फिरते. परंतु नाळ वाऱ्यातून जाताच दोघांनीही पुढे आणि नव्या बाजूला सरकले पाहिजे. तेथेच मागे बसून राहिल्यास पिछाड्या पाण्यात रुततात, नौका मागे जाऊ लागते, आणि जोरदार वाऱ्यात ती मागच्या बाजूने उलटूही शकते. अगदी मंद वाऱ्यात तर मागे जाण्याची गरजच नसते. दोघांनीही मास्टच्या, म्हणजे डोलकाठीच्या, आसपास राहावे आणि वळण अधिक मोठे व सावकाश घ्यावे.

नौकेचा दोष केव्हा मानावा

वरील सर्व नीट करूनही टॅक सातत्याने फसत असेल, तरच नौका तपासायला घ्यावी. सर्वप्रथम सुकाणूची पाती पूर्ण खाली जाऊन अडकली आहेत का ते पाहावे. होबीची पाती उथळ पाण्यात आपोआप वर उचलली जाण्यासाठी बनवलेली असतात. वाळू अडकल्याने किंवा पाते खाली धरून ठेवणाऱ्या खटक्याचा ताण सैल झाल्याने एखादे पाते अर्धवट मागे झुकलेले राहते. अशा वेळी टिलर हाताला विलक्षण जड लागतो आणि नौका सतत वाऱ्याकडे ओढते. हात दुखू लागले की आधी मागे वळून पात्यांकडे पाहावे, हा सोपा नियम आहे.

दोन्ही पाती एकमेकांना समांतर असणे आवश्यक आहे. नौका जमिनीवर असताना पाती खाली करून, दोन्ही पात्यांच्या पुढच्या कडांमधील आणि मागच्या कडांमधील अंतर मोजावे; दोन्ही मापे जवळपास सारखी असावीत, पुढचे माप दोन-तीन मिलिमीटरने कमी असल्यास चालते. फरक मोठा असेल तर दोन्ही पाती एकमेकांविरुद्ध काम करतात आणि वेग खातात. आडव्या जोडदांड्याची लांबी बदलून हे जुळवता येते.

त्यानंतर हलमध्ये पाणी शिरले आहे का ते तपासावे. प्रत्येक हलच्या पिछाडीला निचऱ्याचे बूच असते. ते नीट बसलेले नसेल किंवा त्याची रबरी चकती झिजलेली असेल, तर हलमध्ये शिरलेले पाणी नौकेच्या हालचालीबरोबर पुढे-मागे धावते. नौका जड होते, वळण सुरू झाल्यावर पाणी मागे किंवा पुढे जमते आणि वळणाचा तोल बिघडतो. किनाऱ्यावर आल्यावर नाळा उंच करून बुचे काढावीत. भांडेभर पाणी निघाले तर चिंता नाही, बादलीभर निघाले तर हलच्या जोडांची आणि आडव्या दांड्यांच्या खोबणींची तपासणी करून घ्यावी.

मास्टचा मागे झुकाव हा शेवटचा मुद्दा. स्पर्धक तो बराच ठेवतात, पण शिकणाऱ्यांसाठी तो मध्यम असावा, कारण मास्ट फार मागे झुकली की नौका वाऱ्याकडे ओढते आणि अडकल्यावर खाली पाडणे कठीण जाते. याची साधी परीक्षा अशी: मध्यम वाऱ्यात, शिडे नीट लावून, टिलर क्षणभर सोडावा. नौका हळूहळू वाऱ्याकडे वळली तर ठीक आहे. झटक्याने वळली तर झुकाव जास्त आहे किंवा पाती वर उचललेली आहेत. आणि ती उलट वाऱ्यापासून दूर पडू लागली तर जिब अनावश्यक घट्ट आहे किंवा मास्ट फार सरळ उभी आहे. या शेवटच्या अवस्थेत टॅक घेणे सर्वांत अवघड जाते.

जिब मास्टवरील दोरखुंटीला किंवा तिच्या स्वतःच्या पुलीला अडकते, ही तक्रारही ऐकू येते. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून खुंटी गुळगुळीत करण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही.

अडकल्यावर काय करावे

नौका वाऱ्यात थांबली की ती लगेच मागे सरकू लागते, आणि येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की मागे जाताना सुकाणूचा परिणाम उलटा होतो. टॅक घेण्यासाठी ढकललेला टिलर तसाच धरून ठेवला, तर नौका मागे जाताना तोच टिलर तिला पुन्हा जुन्या बाजूला आणतो. नौका आपल्या मर्जीने परत फिरली असे ज्यांना वाटते त्यांच्या बाबतीत प्रत्यक्षात हेच घडत असते. त्यामुळे थांबल्याची जाणीव होताच आधी शांतपणे ठरवावे की कोणत्या बाजूला बाहेर पडायचे आहे.

ठरल्यावर, जी बाजू नव्याने वाऱ्याकडची होणार आहे त्या बाजूला बसावे, मेनशीट पूर्ण सोडावी, आणि टिलर व बूम दोन्ही आपल्यापासून दूर ढकलावेत. साथीदाराने जिब आपल्याच बाजूला, म्हणजे वाऱ्याकडच्या बाजूला, हाताने ताणून धरावी. नौका मागे जाता जाता तिची नाळ ढकललेल्या दिशेला वळते. वारा नीट बाजूने येऊ लागेपर्यंत घाई करू नये; शिडे भरण्याजोगा मोठा कोन झाला की टिलर आपल्याकडे घ्यावा, जिब योग्य बाजूला ओढावी, नौका पुढे निघाल्याची खात्री करावी आणि मगच मेनशीट हळूहळू आत घ्यावी. घाईने मेनशीट ओढली की नौका पुन्हा वाऱ्यात जाते, आणि दुसऱ्यांदा अडकलेली मंडळी बहुधा याच कारणाने अडकलेली असतात. मागे जाताना पात्यांवर पाण्याचा मोठा जोर येतो म्हणून टिलर घट्ट धरावा. तो सुटून एकदम टोकाला गेला तर सुकाणूच्या जोडण्या मोडण्याचा धोका असतो.

जोराच्या वाऱ्यात टॅकऐवजी वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे जाइब घेऊन, दिशा बदलण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो शिकणाऱ्यांसाठी पटत नाही. जाइबमध्ये बूम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जोराने येते, डोक्याला लागू शकते, आणि नौका उलटण्याची शक्यता टॅकपेक्षा कितीतरी अधिक असते. मंद ते मध्यम वाऱ्यात जाइबचा सराव झालेला असेल, तरच हा मार्ग धरावा.

जिब नसलेल्या छोट्या नौकेवर, उदाहरणार्थ होबी वेव्हवर एकच शीड लावलेले असताना, उलटी फुगलेली जिब नाळेला ढकलेल ही सोयच नसते. तेथे वळण्यापूर्वीचा वेग आणि वाऱ्यात पोहोचताच भरपूर सोडलेली मेनशीट, या दोनच गोष्टींवर सारा भार असतो.

कोकण किनाऱ्यावर

ही अडचण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अधिक महत्त्वाची ठरते, आणि त्याचे कारण वाऱ्याच्या दिनक्रमात आहे. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे जोर धरतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावरून दुपारी निघायचे म्हणजे वारा आणि लाटा दोन्ही समोरून. शिकणारा नेमका पहिला टॅक फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात घेतो, पाती अजून अर्धवट वर असतात, एक लाट नाळेवर आदळते, वेग शून्य होतो आणि नौका मागे सरकत किनाऱ्याला लागते. मागे सरकताना पात्यांची टोके वाळूत रुतली, तर त्यांचे किंवा त्यांच्या कड्यांचे नुकसान ठरलेलेच.

अशा वेळी किनारा सोडताना सरळ वाऱ्यावर चढण्याऐवजी तिरके, वारा बाजूने घेत बाहेर पडावे, लाटांचा फुटण्याचा पट्टा पूर्ण ओलांडावा, पाती खाली अडकल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि मगच पहिला टॅक घ्यावा. लाटांमध्ये टॅक घेणे भागच असेल, तर दोन मोठ्या लाटांमधला सपाट तुकडा शोधावा. तोही नसेल तर नाळ लाटेवर चढत असताना वळायला सुरुवात करावी, म्हणजे माथ्यावर असताना हलची टोके पाण्याबाहेर राहतात आणि नौका सहज फिरते. लाटेच्या उतारावर सुरू केलेला टॅक पुढच्या लाटेवर आदळून संपतो.

सकाळच्या मतलई वाऱ्याची गोष्ट वेगळी. तो किनाऱ्यावरून येत असल्याने किनाऱ्याजवळचे पाणी सपाट असते आणि टॅकच्या सरावाला ते उत्तम असते. परंतु टॅक जमत नसलेली नौका त्याच वाऱ्याने समुद्राकडे वाहत जाते, आणि किनारा जवळ दिसतो म्हणून हे उशिरा लक्षात येते. नवख्याने अशा वाऱ्यात साथीला मोटरबोट असल्याशिवाय जाऊ नये आणि जीवरक्षक जॅकेट तर कोणत्याही वाऱ्यात काढू नये. मुंबई बंदरात गेटवेहून मांडवा आणि घारापुरीकडे जाणाऱ्या लाँचच्या वाटेत सराव करणेही टाळावे, कारण वाऱ्यात अडकलेली नौका त्या क्षणी कोणाच्याच वाटेतून बाजूला होऊ शकत नाही.

खडकवासल्यासारख्या डोंगरांनी वेढलेल्या जलाशयांवर लाटांचा त्रास नसतो, पण वारा डोंगरांवरून घसरत दिशा बदलत येतो. तेथे टॅक अर्ध्यात असतानाच वारा फिरला तर सर्व काही अचूक करूनही नौका अडकते. अशा ठिकाणी एखादा फसलेला टॅक विचारात घेऊ नये. पाण्यावर त्याच जागी, त्याच दिशेला तो पुनःपुन्हा फसत असेल, तर जागा बदलून, किनाऱ्यापासून अधिक मोकळ्या पाण्यात जाऊन पाहावे, आणि तेथेही फसला तरच वरील कारणांकडे वळावे.